पाऊस, हिम आणि गारा : फरक काय आणि तो का महत्त्वाचा?

मार्च महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात एखाद्या दुपारी आभाळ अचानक काळवंडते, वारा सुटतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत शिवार पांढरेशुभ्र होऊन जाते. अशा वेळी ‘गावाचे काश्मीर झाले’ हे शब्द हमखास ऐकू येतात. बातम्यांमध्येही ‘बर्फाची चादर’ पसरते. पण काश्मीरमध्ये पडते ते हिम आणि शिवारात पडतात त्या गारा. दोन्ही गोठलेले पाणीच असले, तरी त्यांची घडण वेगळी, ऋतू वेगळा आणि परिणाम तर जवळजवळ उलटे. डोंगरावर पडलेले हिम हिवाळाभर साठून राहते आणि उन्हाळ्यात नदीला पाणी देते. गारा मात्र काढणीला आलेला गहू काही मिनिटांत आडवा करतात.

रोजच्या मराठीत या सगळ्याला ‘बर्फ’ हा एकच शब्द पुरतो. फ्रिजमधला बर्फ, गोळ्याच्या गाडीवरचा किसलेला बर्फ आणि हिमालयातला बर्फ. पावसासाठी मात्र याच भाषेत रिमझिम, भुरभुर, पिरपिर, सर, झड, मुसळधार असे कितीतरी शब्द आहेत. जिथे जे पडते तिथे त्याचे शब्द असतात, हे ओघानेच आले. पाऊस, हिम आणि गारा यांच्यातला नेमका फरक समजला, तर महाराष्ट्रात हिम का पडत नाही, भर उन्हाळ्यात गारा कशा पडतात आणि हिमालयात हिमाऐवजी पाऊस पडू लागला तर काळजी का करायची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

वृष्टी म्हणजे काय?

हवेतील बाष्पाचे सांद्रीभवन होऊन तयार झालेले पाणी द्रव किंवा घन रूपात ढगातून जमिनीवर पडते, त्याला वृष्टी म्हणतात. पाऊस, हिम आणि गारा ही वृष्टीची मुख्य रूपे आहेत. दव, दहिवर आणि धुके यांची गणना वृष्टीत होत नाही, कारण ती ढगातून पडत नाहीत. ती जमिनीलगतच तयार होतात.

वृष्टीची सुरुवात हवा वर चढण्यापासून होते. जमीन तापल्याने हवा हलकी होऊन वर गेली तर आरोह पर्जन्य, डोंगराने अडवल्यामुळे वर चढली तर प्रतिरोध पर्जन्य आणि कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरत वर गेली तर आवर्त पर्जन्य, असे प्रकार शाळेच्या भूगोलात शिकवले जातात. कारण कोणतेही असो, वर गेलेली हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प सामावून घेण्याची क्षमता कमी असते. जास्तीचे बाष्प हवेतील धूळ, मीठ किंवा धुराच्या सूक्ष्म कणांवर जमू लागते आणि ढग तयार होतो.

म्हणजे ढग हा बाष्पाचा नसतो. बाष्प डोळ्यांना दिसत नाही. ढग दिसतो, कारण तो असंख्य जलकणांचा किंवा हिमकणांचा बनलेला असतो. ढगातील एका जलकणाचा व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर असतो. पावसाच्या मध्यम थेंबाचा व्यास सुमारे २ मिलिमीटर. व्यासात १०० पट फरक म्हणजे आकारमानात १० लाख पट. एक थेंब बनायला ढगातील सुमारे १० लाख जलकण एकत्र यावे लागतात. म्हणून आभाळ भरून आले तरी प्रत्येक ढग बरसत नाही. सुटे जलकण इतके हलके असतात की हवेच्या जराशा वरच्या झोताने ते तरंगत राहतात.

ढगात थेंब कसा मोठा होतो?

जलकण मोठा होण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग टकरीचा. ढगातील काही कण इतरांपेक्षा थोडे मोठे असतात. ते जरा वेगाने खाली येतात, वाटेत लहान कणांना आदळतात आणि त्यांना स्वतःत सामावून घेतात. ढगाचे तापमान शून्य अंशांच्या वर असले तरी हे घडू शकते, म्हणून अशा पावसाला ‘उष्ण पाऊस’ म्हणतात. समुद्रावरून आलेल्या दमट हवेत हा मार्ग विशेष चालतो. मान्सूनमध्ये सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर तुलनेने बुटक्या ढगांतूनही पावसाची झड लागते, ती बऱ्याच अंशी या पद्धतीने. हे ढग जवळून अभ्यासता यावेत म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली आहे. पावसाळ्यात तिथे ढगच प्रयोगशाळेच्या दारात येतात.

दुसरा मार्ग बर्फातून जातो. पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते असे आपण शिकतो, पण ढगातील सूक्ष्म जलकण शून्याखालीही द्रव राहू शकतात. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. गोठायला सुरुवात करून देणारा एखादा योग्य धूलिकण मिळाला नाही, तर शुद्ध पाण्याचे सूक्ष्म कण उणे ३८ ते उणे ४० अंशांपर्यंत द्रव राहतात. त्यामुळे ढगाच्या थंड भागात अतिशीत जलकण आणि थोडे हिमस्फटिक शेजारी शेजारी असतात. हवेतील बाष्प पाण्यापेक्षा बर्फावर लवकर जमते. त्यामुळे हिमस्फटिक वाढत जातात आणि भोवतालचे जलकण बाष्परूप होऊन घटत जातात. एकाचे आटते आणि दुसऱ्याचे वाढते. आल्फ्रेड वेगेनर यांनी ही कल्पना १९११ मध्ये मांडली. खंडवहनाच्या सिद्धांतासाठी प्रसिद्ध असलेले वेगेनर ते हेच. पुढे स्वीडनचे टोर बर्जेरॉन आणि जर्मनीचे वॉल्टर फिंडायझन यांनी ती विकसित केली.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. नागपुरात मे महिन्यात वळवाचा जो टपोरा पाऊस पडतो, त्यातले बरेच थेंब वर हिम किंवा गार होते. खाली येताना ते वितळले, एवढेच.

पाऊस की हिम, हे कोठे ठरते?

थंड ढगातून निघालेला हिमस्फटिक जमिनीवर कोणत्या रूपात पोहोचेल, हे त्याच्या वाटेवरच्या हवेवर ठरते. ढगात काय घडले याइतकेच ढगाखाली काय आहे हे महत्त्वाचे असते. चार शक्यता असतात.

पहिली : ढगापासून जमिनीपर्यंतची सगळी हवा शून्य अंशांच्या आसपास किंवा खाली आहे. स्फटिक वितळत नाही. हिम पडते.

दुसरी : जमिनीवर उबदार हवेचा जाड थर आहे. स्फटिक त्यात शिरल्यावर काहीशे मीटरांत वितळतो. पाऊस पडतो.

तिसरी : मध्ये उबदार थर आणि खाली पुन्हा थंड हवेचा जाड थर आहे. स्फटिक आधी वितळतो आणि मग थेंब पुन्हा गोठतो. जमिनीवर साबुदाण्यासारखे पारदर्शक बर्फाचे दाणे पडतात.

चौथी : मध्ये उबदार थर आहे, पण खालचा थंड थर पातळ आहे. थेंबाला हवेत गोठायला वेळ मिळत नाही. तो अतिशीत द्रव अवस्थेत खाली येतो आणि ज्याला स्पर्श करील त्यावर गोठतो. याला गोठणारा पाऊस म्हणतात. दिसायला हा साधा पाऊस, पण रस्ते, फांद्या आणि विजेच्या तारा यांच्यावर बर्फाचे जड कवच चढते. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक आणि ओंटारिओ भागात अशा पावसाच्या ओझ्याने विजेचे मनोरे कोसळले आणि लाखो लोक ऐन थंडीत अंधारात राहिले.

जमिनीवर तापमान बरोबर शून्य असले तरच हिम पडते, असे मात्र नाही. हवा कोरडी असेल तर २-३ अंश तापमानातही हिम पडू शकते. स्फटिक वितळताना आणि त्यावरचे पाणी वाफ होताना भोवतालच्या हवेतून उष्णता शोषली जाते. हवा स्वतःच थंड होते आणि मागून येणारे स्फटिक टिकतात. म्हणूनच सिमल्यात किंवा मनालीत कधी पावसाने सुरुवात होते आणि तासाभरात त्याचेच हिम होते.

महाराष्ट्रात हिम का पडत नाही?

वातावरणात वर जावे तसे तापमान सरासरी दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंशांनी घटते. महाराष्ट्रावरील हवेत शून्य अंशाची पातळी वर्षभर साधारण ४ किलोमीटरच्या वरच असते. पावसाळ्यात ती ५ किलोमीटरच्याही वर जाते. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे हिमस्फटिक कळसूबाईच्या माथ्यापासून दोन-अडीच किलोमीटर वर असतानाच वितळू लागतात. माथ्यावर पोहोचतो तो थेंब.

‘पण निफाडला पारा अगदी खाली जातो, मग तिथे का नाही?’ हा प्रश्न दर हिवाळ्यात निघतो. त्याचे उत्तर ढगांत आहे. निफाडची कडाक्याची थंडी निरभ्र रात्री पडते. आभाळ स्वच्छ असल्यामुळे जमिनीची उष्णता थेट निघून जाते आणि जमिनीलगतचा पातळ थर गारठतो. वृष्टीसाठी ढग लागतात आणि ढग आले की ते पांघरुणासारखे काम करतात, रात्रीचे तापमान वाढते. थंडीसाठी निरभ्र आकाश आणि हिमासाठी ढगाळ आकाश, असा हा पेच आहे. शिवाय थंडी फक्त जमिनीलगत असून भागत नाही, वरची सगळी हवा थंड असावी लागते.

उंची पुरेशी असेल तर विषुववृत्ताजवळही हिम पडते. टांझानियातील किलिमांजारो पर्वत विषुववृत्तापासून जेमतेम ३ अंशांवर आहे, पण ५,८९५ मीटर उंचीमुळे त्याच्या माथ्यावर हिम असते.

मग महाबळेश्वरला काय दिसते?

काही हिवाळ्यांत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पहाटे पांढरा थर दिसतो. पर्यटकांचे फोटो फिरू लागतात आणि ‘महाबळेश्वरला बर्फ पडला’ अशी चर्चा होते. प्रत्यक्षात काहीही पडलेले नसते. रात्री गवत आणि पत्र्याचा पृष्ठभाग हवेपेक्षाही जास्त थंड होतो. हवेतील बाष्प त्यावर दव म्हणून जमते आणि गोठते, किंवा थेट बर्फाच्या कणांच्या रूपात जमते. हे दहिवर होय.

वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर पेटीत ठेवलेला असतो. तो ४-५ अंश दाखवत असतानाही खाली गवताचे तापमान शून्यावर आलेले असू शकते. म्हणून ‘पारा शून्यावर नव्हता, मग दव गोठले कसे?’ या प्रश्नात विसंगती नाही. द्राक्ष आणि भाजीपाला उत्पादकांनी हिवाळ्यात केवळ जाहीर झालेल्या किमान तापमानावर विसंबू नये, यामागचे कारणही हेच. पिकाला सोसावी लागणारी थंडी बातमीतल्या आकड्यापेक्षा जास्त असू शकते.

थेंब आणि स्फटिक : आकार व वेग

चित्रांत पावसाचा थेंब वर टोक आणि खाली गोल असा काढतात. खरा थेंब तसा नसतो. लहान थेंब जवळजवळ गोल असतो. मोठा थेंब पडताना खालून हवेचा दाब येतो आणि तो पावासारखा चपटा होतो. ५-६ मिलिमीटरच्या पुढे तो टिकत नाही, फुटतो. म्हणून कितीही मुसळधार पाऊस असला तरी लिंबाएवढा थेंब कधी पडत नाही. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान थेंबांची ती भुरभुर.

हिमाचे तसे नाही. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी रचनेत बसतात, म्हणून हिमस्फटिकाला सहा बाजू किंवा सहा फांद्या असतात. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६११ मध्येच हिमाचा स्फटिक षट्कोनी का, यावर छोटी पुस्तिका लिहिली होती. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातले शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एकेका स्फटिकाचे छायाचित्र घ्यायला सुरुवात केली आणि आयुष्यभरात अशी ५,००० हून अधिक छायाचित्रे घेतली. जपानचे उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये होक्काइदो येथील प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखवला. तापमान आणि आर्द्रता बदलली की स्फटिकाचा आकार बदलतो, हे त्यांनी सिद्ध केले. उणे २ अंशांच्या आसपास पातळ चकत्या, उणे ५ च्या आसपास सुया व स्तंभ, तर उणे १५ च्या आसपास भेटकार्डांवर दिसणारी फांद्यांची नक्षी तयार होते. प्रत्येक स्फटिक ढगातून वेगळ्या वाटेने येतो, म्हणून दोन मोठे स्फटिक हुबेहूब सारखे सापडणे जवळजवळ अशक्य. अनेक स्फटिक एकमेकांत अडकले की कापसाच्या पुंजक्यासारखे हिम पडते.

वेगातही मोठा फरक आहे. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने, म्हणजे ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येतो. हिमाचा पुंजका सेकंदाला साधारण १ मीटरने तरंगत येतो. पाऊस पत्र्यावर वाजतो. हिम आवाज न करता पडते, आणि ताजा थर भोवतालचा आवाजही शोषून घेतो. हिमवृष्टीनंतर गाव गप्प वाटते ते यामुळे.

मोजायचे कसे?

पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस मानला जातो.

हिमाची खोली सेंटिमीटरमध्ये मोजतात. पण खोलीवरून पाणी किती, हे थेट कळत नाही, कारण हिमात बरीचशी हवाच असते. ढोबळ हिशेब १० ला १ असा धरतात. १० सेंटिमीटर हिम वितळले की साधारण १ सेंटिमीटर पाणी. हिम ओले असेल तर ५ सेंटिमीटरलाच तेवढे पाणी निघते, आणि कोरडे भुसभुशीत असेल तर २० सेंटिमीटरही लागतात. म्हणून हवामान केंद्रांवर हिम वितळवूनही मोजतात.

तुलनेसाठी एक उदाहरण पुरे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढेच पाणी हिमाच्या रूपात पडले असते, तर १० ला १ या हिशेबाने जवळजवळ साडेनऊ मीटर उंच थर झाला असता, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा. अर्थात पुरासारखे ते त्याच दिवशी घराघरात शिरले नसते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

गारा : उन्हाळ्यातला बर्फ

हिमाला थंड हवामान लागते. गारांना तापलेली जमीन लागते. त्यामुळेच महाराष्ट्रात हिम पडत नसले तरी गारपीट होते.

फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत जमीन तापलेली असते. अशा वेळी समुद्राकडून दमट वारे आले आणि वरच्या थरात उत्तरेकडून थंड कोरडी हवा आली, की उंच गडगडाटी ढग उभे राहतात. त्यांची उंची १० किलोमीटरच्याही पुढे जाते. ढगात वर जाणारा हवेचा प्रवाह फार जोरदार असतो. तो जलकणांना शून्य अंशाच्या पातळीच्या खूप वर नेतो. तिथे गोठलेल्या एखाद्या कणावर अतिशीत पाणी आदळत राहते आणि गोठत जाते. गार अशी थरावर थर चढत वाढते. पाणी झटकन गोठले तर हवेचे बुडबुडे अडकून दुधी थर बनतो. सावकाश गोठले तर पारदर्शक थर बनतो. वरचा प्रवाह जोवर गारेचे वजन पेलतो, तोवर ती वाढते. पेलले नाही की खाली येते. ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाच्या दाण्याला गार म्हणतात.

मान्सूनच्या महिन्यांत पाऊस इतका असूनही गारा क्वचित पडतात. तेव्हा वरची हवाही उबदार व दमट असते, ढगातील प्रवाह तुलनेने सौम्य असतात आणि शून्याची पातळी अधिक उंच असल्याने लहान गारा वाटेतच वितळतात.

लिंबाएवढी गार ताशी ५० ते ६० किलोमीटर वेगाने आदळू शकते. जगात मोजलेली सर्वांत मोठ्या व्यासाची गार २३ जुलै २०१० रोजी अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात व्हिव्हियन येथे पडली. तिचा व्यास सुमारे २० सेंटिमीटर आणि वजन पाऊण किलोहून जास्त होते. गारपिटीत सर्वाधिक मृत्यूंची जागतिक नोंद मात्र भारतातली आहे. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात २४६ जण दगावले.

महाराष्ट्राच्या आठवणीत २०१४ ची गारपीट ठळक आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, उत्तर आणि मध्य महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारा कोसळल्या. गहू, ज्वारी, हरभरा काढणीच्या टप्प्यावर होते. द्राक्षे, डाळिंबे, संत्री झाडावर होती. गारपिटीची हीच क्रूर बाजू आहे. तिचा हंगाम आणि रब्बीच्या काढणीचा हंगाम एकच असतो. द्राक्षाच्या मण्याला गारेचा नुसता ओरखडा उठला तरी तिथून बुरशी शिरते आणि घड हातचा जातो.

गारा फोडण्यासाठी आकाशात आवाजाच्या तोफा डागण्याचे प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाले, पण त्यांनी गारपीट थांबते याला शास्त्रीय पुरावा मिळालेला नाही. बागेवर जाळी किंवा प्लास्टिकचे आच्छादन आणि इशारा मिळताच काढलेला माल झाकणे, हे उपाय अधिक भरवशाचे आहेत. गारांच्या ढगात वीजही असते, त्यामुळे अशा वेळी झाडाखाली आसरा घेणे धोक्याचे.

पडल्यानंतरचा फरक : वाहणारे पाणी आणि साठलेले पाणी

पाऊस पडला की काही तासांत पाणी वाटेला लागते. काही जमिनीत मुरते, बाकीचे ओढ्या-नाल्यांतून नदीला मिळते. ते धरायचे तर धरण, तलाव किंवा शेततळे बांधावे लागते. महाराष्ट्रातील नद्या सर्वस्वी पावसावर चालतात. म्हणून जुलैत दुथडी भरून वाहणारी नदी एप्रिलमध्ये वाळूचा पट्टा होते.

हिम पडले की जागेवर राहते. डोंगर स्वतःच धरण होतो. हिमालयाच्या पश्चिम भागात डिसेंबर ते मार्च या काळात भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे हिमवृष्टी होते. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीला ‘चिल्लई कलां’ म्हणतात. या दिवसांत पडलेले हिम घट्ट साठते आणि उशिरापर्यंत टिकते. एप्रिलपासून ते हळूहळू वितळते. मान्सून यायच्या आधी, पाण्याची सर्वाधिक गरज असताना, सिंधू आणि तिच्या उपनद्यांना हे पाणी मिळते. ताजा थर सूर्यप्रकाशाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो, त्यामुळे तो स्वतःला वितळण्यापासून जपतो. त्यात अडकलेली हवा गोधडीसारखी काम करते आणि खालची रोपे गोठण्यापासून वाचतात.

लडाखमध्ये लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास वृष्टी होते. तिथली शेती वितळणाऱ्या बर्फावर उभी आहे. पेरणीच्या वेळी, एप्रिल-मे महिन्यांत, पाणी कमी पडते. यावर उपाय म्हणून सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात वाया जाणारे पाणी फवारून स्तूपाच्या आकाराचे बर्फाचे डोंगर उभारायला सुरुवात केली. ते उशिरा वितळतात आणि पेरणीला पाणी देतात.

हिमाचे धोकेही वेगळे. तीव्र उतारावर साठलेला थर घसरला की हिमस्खलन होते. छपरावर साठलेले ओले हिम इमारतीला जड होते. रस्ते दिवसेंदिवस बंद राहतात.

हिमाची जागा पावसाने घेतली तर?

सरासरी तापमान एखाद-दोन अंशांनी वाढले तर सपाटीवर फारसा फरक जाणवणार नाही असे वाटते. पण जिथे तापमान शून्याच्या काठावर असते, तिथे तेवढ्यानेच हिमाचा पाऊस होतो. पाणी तेवढेच पडते, पण साठत नाही. हिवाळ्यातच वाहून जाते आणि उन्हाळ्यात झरे लवकर आटतात. जगभरातील पर्वतांत कमी उंचीच्या भागांत हिमाचे आच्छादन घटत असल्याचे निरीक्षण हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय अहवालांत नोंदवलेले आहे.

दुसरा धोका साठलेल्या हिमावर पाऊस पडण्याचा. तेव्हा पावसाचे आणि वितळलेल्या हिमाचे असे दोन्ही पाणी एकदम खाली येते. १६ आणि १७ जून २०१३ रोजी केदारनाथला मान्सूनचा मुसळधार पाऊस नेहमीपेक्षा लवकर आला. वरच्या भागात हिम अजून शिल्लक होते. पाऊस आणि वितळलेले पाणी मिळून चोराबारी तलाव भरला, त्याचा बांध फुटला आणि खालची वस्ती वाहून गेली. देशभरातील हजारो यात्रेकरू आणि स्थानिक लोक मृत्युमुखी पडले.

थोडक्यात फरक

• पाऊस : द्रव रूप. थेंब जास्तीत जास्त ५-६ मिलिमीटर. मोठ्या थेंबाचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर. जमिनीलगत उबदार हवा हवी. पाणी लगेच वाहते.

• हिम : बाष्पापासून वाढलेले षट्कोनी स्फटिक. वेग सेकंदाला साधारण १ मीटर. ढगापासून जमिनीपर्यंत थंड हवा हवी. पाणी साठून राहते.

• गार : अतिशीत पाणी थराथराने गोठून बनलेला गोळा. उंच गडगडाटी ढग आणि जोरदार वरचा प्रवाह हवा. तापलेल्या ऋतूत पडते. काही मिनिटांत नुकसान करते.

• दहिवर : ढगातून पडत नाही. निरभ्र थंड रात्री पृष्ठभागावर जमते. वृष्टीत गणना नाही.

पुढच्या वेळी अंगणात गारा पडल्या, तर वादळ शमल्यावर एखादी मोठी गार सुरीने मधोमध कापून पाहता येते. कांद्यासारखी एकात एक वर्तुळे दिसली, काही दुधी आणि काही पारदर्शक, तर ती ढगात कशी कशी वाढत गेली, याची नोंदच हातात आलेली असते. काश्मीरच्या हिमात अशी वर्तुळे कधीच सापडणार नाहीत.